वैशाखाच्या पाण्यावरची बाग

सह्याद्रीचा माथा ओलांडून पूर्वेस उतरले, की पावसाचे मान झपाट्याने घटत जाते. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, करमाळा, कर्जत, आष्टी हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. येथे वर्षाचा पाऊस साधारणतः ५०० मिलिमीटरच्या आगेमागे असतो आणि तोही विश्वासाचा नसतो. अशा मुलखात घराभोवती बाग करावी असे म्हटले, की पुष्कळांस ते हौसेचे, किंबहुना उधळपट्टीचे काम वाटते. 'माणसांना प्यायला पाणी नाही, तेथे फुलझाडांना कोठून आणावे?' असा प्रश्न घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, आणि तो अगदी रास्त आहे. बाग करावयाची तर प्रथम याच प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे.

कोरड्या मुलखाला बाग अपरिचित आहे असे मात्र नाही. मळ्यातील कामालाच भक्ती मानणारे संत सावता माळी यांचे अरण हे गाव सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात, म्हणजे याच कोरड्या पट्ट्यात आहे. तेव्हा या भूमीत बाग होते की नाही, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की ती कोणत्या पाण्याच्या भरवशावर आखावयाची.

चूक कोठे होते?

दरवर्षी आषाढ-श्रावणात गावोगाव झाडे लावली जातात. दोन-तीन महिने ती टवटवीत दिसतात. माघ उलटला की पाने मलूल होतात आणि चैत्रात आळ्यांतून नुसत्या काटक्या उभ्या राहतात. पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यांत पुन्हा नवी रोपे लावली जातात. यात मेहनतीची कसूर नसते. चूक आखणीची असते. बाग श्रावणातील पाणी पाहून आखली जाते आणि तिला जगावे मात्र लागते वैशाखात.

म्हणून कोरड्या प्रदेशातील बागेचा पहिला नियम असा, की वैशाखात घरी जेवढे पाणी हमखास शिल्लक राहते तेवढ्यावरच बाग बेतावी. पावसाळ्यात मिळेल ते अधिकचे पाणी वरकड समजावे. हा नियम पाळला म्हणजे बाग लहान होईल, परंतु ती टिकेल. शिवाय घरातील स्त्रीला बागेसाठी एकही जादा घागर डोक्यावर वाहावी लागणार नाही. २०१६ च्या एप्रिलात लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले होते. अशा वर्षांची आठवण ज्या भागात ताजी आहे, तेथे पिण्याच्या पाण्यावर हक्क सांगणारी बाग कोणाच्याही दारी शोभणार नाही.

पाण्याचा हिशेब

पाच माणसांचे एक घर घेऊ. टंचाईच्या दिवसांत दरडोई रोज २० लिटर पाणी मिळते असे धरले, तर घरात १०० लिटर पाणी येते. पिणे, स्वयंपाक व गुरांचे भांडे वगळता अंघोळ, धुणे-विसळणे व भांडी यांतून निदान ४० लिटर पाणी पुन्हा हाती लागू शकते. आज ते बहुधा मोरीतून वाहून दारापुढे चिखल करते. हेच ४० लिटर बागेचे खरे भांडवल होय.

हे पाणी दोन प्रकारचे असते. साबणाचे पाणी अंदाजे २० लिटर व त्यामानाने स्वच्छ पाणी, म्हणजे शेवटच्या विसळणीचे, धान्य-भाजी धुतल्याचे, अंदाजे २० लिटर. दोहोंची वाट निराळी ठेवावी. त्याची वाटणी पुढीलप्रमाणे करता येईल :

साबणाचे २० लिटर पाणी मोरीलगतच्या तीन चौरस मीटर वाफ्यास. स्वच्छ पाण्यापैकी रोज सरासरी ८ लिटर आठ फुलझुडुपांस आणि ८ लिटर चार तरुण झाडांस, मडक्यांच्या द्वारे. उरलेले ४ लिटर तुळशीवृंदावन, दोन-चार कुंड्या व पाखरांसाठी ठेवलेले पाण्याचे परळ यांस.

एवढ्यात घर हिरवे व सुशोभित होते. याउलट हिरवळीचा मोह पाहावा. वैशाखातील उन्हात गवताच्या हिरवळीतून रोज ६ ते ८ मिलिमीटर पाणी उडून जाते. एक चौरस मीटरवरचे एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. या हिशेबाने गुंठाभर हिरवळीस रोज सुमारे ७०० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या ४५ ते ५० घागरी पाणी लागेल. कोरड्या भागात हिरवळ लावू नये, हे सांगण्यास याहून अधिक कारण नको.

पावसाचे पाणी जमिनीत साठवावे

हिशेबाची दुसरी बाजू पावसाची. ३० चौरस मीटरच्या पत्र्याच्या छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्यावर वर्षाकाठी १५,००० लिटर पाणी पडते. त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी १२,००० लिटर पाणी पन्हळीतून खाली येते. टाकी बांधण्याची ऐपत असल्यास उत्तमच. नसल्यास पन्हळीचे पाणी लहान चराने झाडांच्या आळ्यांकडे वळवावे आणि मातीलाच टाकी करावे. जास्तीचे पाणी बाहेर जाण्यास वाट ठेवावी व ते घराच्या पायाशी मुरू देऊ नये.

अंगण उताराचे असल्यास प्रत्येक झाडाच्या उताराकडील बाजूस वीतभर उंचीचा अर्धचंद्राकृती बांध घालावा. त्यायोगे वरून येणारे पाणी झाडापाशी अडते. फुलांचे वाफे जमिनीहून उंच न करता चार बोटे खोलगट करावेत, कारण उंच वाफा लवकर वाळतो. भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबत असेल तेथे मात्र रोप थोड्या उंचवट्यावर लावून आळे बाजूने करावे. मुरमाड जमिनीत खड्डा भरताना तळ्याचा गाळ व शेणखत मिसळल्यास तिची ओल धरण्याची शक्ती वाढते.

तीन पट्टे

सर्व झाडे एकत्र मिसळून लावली, म्हणजे तहानलेल्या झाडासाठी दिलेले पाणी काटक झाडास विनाकारण मिळते. सबब तहानेप्रमाणे बागेचे तीन पट्टे पाडावेत.

ओला पट्टा मोरीलगत असावा. मोरीचे पाणी प्रथम दगडगोटे व जाड वाळू भरलेल्या लहान खड्ड्यातून जाऊ द्यावे व मग वाफ्यात सोडावे. येथे कर्दळ, अळू व गवती चहा लावावा आणि कडेला एक शेवगा असावा. केळीचा मोह टाळावा, कारण एक केळच उन्हाळ्यात या पट्ट्याचे जवळजवळ सर्व पाणी पिऊन टाकते. कोथिंबिरीसारखी कच्ची खाल्ली जाणारी भाजी या पाण्यावर घेऊ नये, आणि संडासाचे पाणी या वाटेला मुळीच मिसळू देऊ नये. साबणातील क्षार जमिनीत साचतात. म्हणून वाफ्याचे दोन भाग करून त्यांना आलटूनपालटून पाणी द्यावे आणि पावसाळ्यात पन्हळीचे पाणी एकदोनदा या वाफ्यातून भरपूर वाहू द्यावे, म्हणजे क्षार धुऊन जातात.

मधला पट्टा अंगणात, उठण्या-बसण्याच्या जागेजवळ असावा. मोगरा, तगर, जास्वंद, अबोली, पारिजातक व डाळिंब ही त्यातील झाडे होत. यांना पाणी थोडे लागते, पण नियमित लागते. घराची सावली दुपारनंतर जेथे पडते तेथे मोगरा व अबोली लावल्यास पाण्याची आणखी बचत होते.

कोरडा पट्टा कुंपणाकडे असावा. येथील झाडांना पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे लागते. त्यानंतर ती पावसावर जगतात. कडुनिंब, बोर, सीताफळ, कवठ, बहावा, आपटा, पांढरा चाफा, कोरांटी, बोगनवेल, कोरफड व घायपात ही या पट्ट्याची संपत्ती होय. कुंपणासाठी मेंदी व अडुळसा चांगले. अडुळशाला शेळ्या सहसा तोंड लावीत नाहीत, हा त्याचा विशेष गुण आहे. कण्हेर व बिट्टी ही झाडेही काटक आहेत, परंतु त्यांचे सर्व भाग विषारी असल्याने मुले व गुरे वावरतात तेथे ती लावू नयेत. घाणेरी दिसावयास रंगीत असली तरी रानोमाळ पसरून चराई बुडविते. तिला बागेत थारा देऊ नये.

सावलीकडेही पाण्याच्याच दृष्टीने पाहावे. कडुनिंबासारखे मोठे झाड घराच्या पश्चिमेस, भिंतीपासून पुरेसे दूर लावावे. ते मोठे झाले म्हणजे दुपारचे ऊन व उष्ण वारा अडविते, भिंत तापत नाही आणि अंगणातील झाडांची तहानही कमी होते.

मडक्याचे पाणी

रोपाच्या बुडाशी बादली ओतली, की बरेचसे पाणी वरच्या मातीत पसरते व उन्हाने उडून जाते. याला गावातच मिळणारा उपाय म्हणजे कच्च्या रंगाचे, झिलई नसलेले मातीचे मडके. गेल्या उन्हाळ्यातील जुना, पण न फुटलेला माठही चालतो. मात्र त्यास रंग वा तेल लागलेले नसावे.

सुमारे ५ लिटरचे मडके रोपापासून वीत-दीड वीत अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे. भोवतीची माती चांगली दाबून घ्यावी, कारण माती मडक्यास चिकटून असेल तरच पाणी झिरपते. मडके कापडातून गाळलेल्या पाण्याने भरून वर परळ किंवा चपटा दगड झाकावा. माती कोरडी झाली की ती मडक्यातून पाणी ओढून घेते. माती ओली असेल तेव्हा झिरपणे आपोआप मंदावते. म्हणजे किती पाणी द्यावयाचे हे झाडाची मुळे व माती मिळूनच ठरवितात. झुडपास एक व झाडाच्या रोपास दोन बाजूंस दोन मडकी पुरेत. ती साधारण पाच दिवसांनी भरावी लागतात. वर दिलेला रोजच्या ८ लिटरचा हिशेब याच मानाने केला आहे.

साबणाचे किंवा फार खारे पाणी मडक्यात घालू नये. त्याने मडक्याची छिद्रे बुजतात. पाच दिवसांत पाणी उतरले नाही, तर मडके काढून आतून-बाहेरून काथ्याने घासावे अथवा बदलावे. झाकणाची हयगय करू नये. उघड्या मडक्यात डास अंडी घालतात आणि बागेबरोबर हिवताप व डेंग्यूही घरात येतो. पाखरांचे परळही याच कारणास्तव रोज घासून पाणी बदलावे.

आच्छादन

उघडी माती पाणी गमावते. काळी जमीन तर उन्हाळ्यात भेगाळते व त्या भेगांतून खोलवरची ओलही निघून जाते. म्हणून पौष-माघापासूनच आळ्यांत व वाफ्यांत चार बोटे जाडीचे आच्छादन घालावे. पालापाचोळा, भुसा, उसाचे पाचट, कुट्टी करून उरलेले कडब्याचे बूड, जे हाताशी असेल ते चालते. खोडाभोवती चार बोटे जागा मात्र मोकळी ठेवावी, म्हणजे वाळवीचा उपद्रव खोडास होत नाही.

जेथे वाळवी फार, तेथे दगडांचे आच्छादन करावे. माळरानाच्या गावात दगडांस तोटा नाही. चपटे दगड आळ्यात एकमेकांलगत बसविले, की ओल टिकते व तणही येत नाही. शेतात नांगरताना पांढऱ्या गारगोट्या निघतात. त्या वेचून पायवाटेच्या दोन्ही कडांस किंवा वृंदावनाभोवती मांडल्यास काळ्या-तांबड्या मातीवर त्या फार खुलून दिसतात. पायवाट मुरुमाची ठोकून करावी व तिचा उतार आळ्यांकडे द्यावा.

बारा महिन्यांची शोभा

कमी पाण्याची बाग म्हणजे काटेरी व भकास बाग, ही समजूत चुकीची आहे. झाडांची निवड ऋतू पाहून केल्यास कोणत्याही महिन्यात अंगण बिनफुलांचे राहत नाही. पावसाळ्यात गुलबक्षी व पारिजातक, दसऱ्यास झेंडू, थंडीत कोरांटी व अबोली, माघ-फाल्गुनापासून बोगनवेल, चैत्र-वैशाखात मोगरा व पांढरा चाफा, आणि सर्व रान करपलेले असता अंगावर सोन्याचे घोस लेऊन उभा राहणारा बहावा. गुलबक्षीचे रोप उन्हाळ्यात वाळून गेले तरी तिचा कंद जमिनीत जिवंत राहतो व पावसाबरोबर पुन्हा फुटतो. तिला उन्हाळ्यात थेंबभरही पाणी देण्याची गरज नसते.

बोगनवेलीचा स्वभाव तर या मुलखासाठीच घडविल्यासारखा आहे. पाणी भरपूर मिळाले म्हणजे ती पाने व फांद्या वाढविते, आणि पाण्याचा ताण बसला म्हणजे फुलते. डाळिंबाच्या बागाइतदारास ताण देऊन बहार धरण्याची रीत माहीत असते. तीच येथेही कामी येते. जुनी, मुळे धरलेली बोगनवेल उन्हाळ्यात कोमेजलेली दिसली म्हणून लगेच पाणी घालण्याची घाई करू नये.

लागवड व पहिले दोन उन्हाळे

खड्डे वैशाखातच दोन फूट लांब, रुंद व खोल असे खणून उन्हात तापू द्यावेत. भरताना वरची माती, दोन घमेली कुजलेले शेणखत व थोडी निंबोळी पेंड मिसळावी. पहिला नुसता शिडकावा झाला म्हणून रोपे लावू नयेत. माती वीतभर खोल भिजल्यावरच लावावीत. सोलापूरकडील भागात पावसाचा सर्वांत भरवशाचा महिना सप्टेंबर हा आहे. जुलै-ऑगस्टमधील उघडिपीत जी रोपे दगावतील त्यांचे नांगे सप्टेंबरातील पावसावर भरावेत आणि त्याच वेळी सर्व मडकी पुरून घ्यावीत.

रोप फार उंच निवडू नये. हात-दीड हाताचे, सरळ मुळाचे रोप उंच रोपापेक्षा लवकर जम धरते. शेळ्यांपासून रक्षणासाठी बोर-बाभळीच्या फांद्यांचे काटे भोवती रोवावेत. दुसऱ्या वर्षी मडकी खोडापासून हातभर दूर सरकवावीत, म्हणजे मुळे पाण्याच्या शोधात बाहेर व खोल जातात. तिसऱ्या वर्षी कोरड्या पट्ट्यातील झाडांची मडकी काढून घ्यावीत व ती नव्या रोपांना द्यावीत. चार झाडे स्वावलंबी झाली, की त्याच पाण्यावर दुसरी चार वाढविता येतात. बाग अशी टप्प्याटप्प्यानेच वाढवावी.

शाळा व पंचायतीचे आवार

सार्वजनिक जागेत हाच हिशेब अधिक काटेकोरपणे करावा लागतो. शाळेच्या आवारात रोपे लावली जातात पावसाळ्यात, जेव्हा मुले हजर असतात. रोपांना पाण्याची खरी गरज पडते ती मे महिन्यात, जेव्हा शाळेस सुट्टी असते. शंभर खड्ड्यांचा कार्यक्रम ठरविण्यापूर्वी ग्रामकार्यकर्त्यांनी एकच गोष्ट विचारावी : मे महिन्यात दर पाच दिवसांनी मडकी कोण भरणार? जेवढ्या रोपांसाठी नाव सांगता येईल तेवढीच लावावीत. शाळेजवळच्या घरांकडे दोन-दोन रोपे सोपविली, तर दहा घरांत वीस झाडे जगतात. वाळलेल्या शंभर रोपांपेक्षा ही वीस झाडे गावाच्या अधिक उपयोगाची आहेत. शिवाय दरवर्षी त्याच खड्ड्यांत रोपे वाळलेली पाहून गावाचा वृक्षलागवडीवरील विश्वास उडतो, आणि ते नुकसान रोपांच्या किमतीहून मोठे असते.

गावात आणखी एक पाणी फुकट जाते, ते हापशाजवळचे, सार्वजनिक नळकोंडाळ्याजवळचे व गुरांच्या हौदाजवळचे. तेथील चिखलातून लहानशी पक्की नाली काढून ती चार-पाच झाडांच्या आळ्यांतून फिरविल्यास चिखल नाहीसा होतो, डास कमी होतात आणि पाण्यासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या स्त्रियांना सावली मिळते. सार्वजनिक बागेचा आरंभ करावयाचा तर तो येथूनच करावा.

ग्रामकार्यकर्त्यांनी घरोघर बागेचा उपदेश करण्याआधी गावातील एका घरी वैशाखातील आठ दिवस मोरीचे पाणी घागरीने मोजून घ्यावे व तो आकडा भिंतीवर लिहावा. त्या आकड्याएवढी बाग त्या घरी करून दाखवावी. पुढच्या वैशाखात, टँकरची वाट पाहणाऱ्या त्याच गल्लीत, एका दारी मोगरा फुललेला दिसेल आणि त्यासाठी कोणाच्याही पिण्याच्या घागरीतला थेंब घेतलेला नसेल. मग इतर घरे आपण होऊन मडकी मागावयास येतील.